ठाण्यात दवाखाना किती मिनिटांवर? सेवांचा नकाशा करताना

ठाण्याचा नकाशा घ्या आणि त्यावर पेन्सिलने फक्त अडथळे काढा: मध्य रेल्वेचे रूळ, पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदर रस्ता, खाडी, पारसिकचा डोंगर, येऊरच्या जंगलाची हद्द. शहराचे सहा-सात तुकडे पडतात. दवाखाना, शाळा, रेशन दुकान, सार्वजनिक शौचालय आणि अग्निशमन केंद्र लोकांपासून किती मिनिटांवर आहेत हे दाखवणारा नकाशा आम्ही हाती घेतला, तेव्हा पहिली फाइल या अडथळ्यांची केली. सेवांची यादी त्यानंतर. सहसा उलटं होतं. आधी ठिपके लावले जातात, प्रत्येकाभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं जातं आणि सगळं शहर हिरवं दिसायला लागतं. कोपरीतल्या दवाखान्याचं वर्तुळ रूळ ओलांडून नौपाड्यात शिरतं, कळव्याचं वर्तुळ खाडीवरून पलीकडे जातं. माणसं मात्र वर्तुळातून चालत नाहीत.

म्हणून सुरुवात ओलांडण्याच्या जागांच्या वहीने. वही म्हणजे साधी स्प्रेडशीट: रेल्वेवरचे पादचारी पूल, भुयारी मार्ग, रेल्वेवरचे रस्तापूल, महामार्गाखालून जाणारे रस्ते, घोडबंदरवरचे सिग्नल, नाल्यांवरचे साकव. प्रत्येक जागेला क्रमांक, दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश, पायऱ्यांची संख्या, रॅम्प आहे का, लिफ्ट किंवा सरकता जिना आहे का आणि पाहणीच्या वेळी चालू होता का, रात्री दिवा लागतो का, पावसात पाणी भरतं का, दुचाकी घुसतात का. रेल्वेच्या पुलांसाठी आणखी एक रकाना हवाच: जिना फलाटावर उतरतो की रस्त्यावर? फलाटावर उतरणारा पूल कायद्याने तिकीटवाल्यांचा. पालिकेचा, रस्त्यावरून रस्त्यावर नेणारा पूल सगळ्यांचा. नकाशात दोन्ही सारखेच दिसतात, आणि संगणक दोन्हींवरून खुशाल लोकांना चालवतो.

पायऱ्या मोजायच्या त्या खरोखर मोजायच्या. विजेच्या तारांवरून जायचं असल्याने रेल्वेचा पूल रुळांपासून साडेसहा-सात मीटर उंच असतो. एक पायरी १५ सेंटिमीटरची धरली तर चढायला ४३ ते ४७ पायऱ्या आणि तेवढ्याच उतरायला. तरुण माणूस अर्ध्या मिनिटात वर जातो. गुडघे दुखणारी आजी प्रत्येक टप्प्यावर कठडा धरून थांबते, आणि गर्दीच्या वेळी तिला कडेनेच सरकावं लागतं. आम्ही पुलाला दोन वेळा दिल्या: धडधाकट माणसासाठी चढ-उतार मिळून १ मिनिट, ज्येष्ठ किंवा कडेवर मूल असलेल्यांसाठी ३ मिनिटं. पंधरा मिनिटांच्या हिशोबात तीन मिनिटं म्हणजे पाचवा हिस्सा एका जिन्यात गेला.

आता संगणकाकडे. सगळं काम क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, ते फुकट आहे आणि मराठी नावं नीट दाखवतं. पहिलं काम प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत, ठरवण्याचं. ठाणे ७३ पूर्व रेखांशाच्या आसपास, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीचा झोन ४३ उत्तर, सॉफ्टवेअरच्या यादीत ईपीएसजी क्रमांक ३२६४३. सगळे थर (रस्ते, सेवा, वस्त्या यांच्या वेगवेगळ्या फाइली) यात आणून मगच मोजमाप करावं. जीपीएसचा थर अंशांमध्ये असतो. त्यावर १२०० चा बफर (बिंदूभोवतीचा पट्टा) मागितला तर सॉफ्टवेअर १२०० अंश समजतं. ही चूक निदान लगेच डोळ्यांत भरते. ३८५७ क्रमांकाचं वेब मर्केटर, म्हणजे इंटरनेटवरच्या नकाशांचं प्रोजेक्शन, जास्त धोकादायक, कारण ते चुकलेलं कळत नाही. आपल्या अक्षांशावर त्यात लांबी सुमारे ६ टक्के फुगते. तिथे मोजलेले १२०० मीटर जमिनीवर ११३३ च्या आसपास भरतात, आणि क्षेत्रफळ १२ टक्क्यांनी जास्त येतं. दाखवायचा तळनकाशा त्यात असला तरी चालेल, हिशोब नको.

रस्त्यांचं जाळं ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावरून घेतलं. त्यातली माहिती काढून देणाऱ्या ओव्हरपास टर्बो या संकेतस्थळावर शहराची हद्द देऊन सगळे रस्ते, पायवाटा आणि जिने उतरवता येतात. शहराची हद्द द्यायची, पण बाहेर किमान ३ ते ५ किलोमीटरचा पदर सोडून. किसननगरचा माणूस मुलुंडच्या दवाखान्यात जातो, दिवा भागातला डोंबिवलीत. उलट कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून लोक येतात. हद्दीवर कात्री चालवली की काठावरच्या वस्त्या खोट्याच वंचित दिसतात आणि मोठं रुग्णालय खोटंच रिकामं.

जाळ्यात बिघाड तीन ठिकाणी असतो. पहिला उड्डाणपुलांवर. जिथे दोन रेषा छेदतात तिथे त्या तोडून जोडणारी साफसफाईची आज्ञा दिली की नितीन कंपनी आणि कॅडबरी नाक्यावरचे उड्डाणपूल खालच्या रस्त्यांना जोडले जातात, आणि पादचारी हवेतून खाली उतरायला लागतात. म्हणून ‘ब्रिज’ आणि ‘लेयर’ हे टॅग (रेषेला जोडलेल्या नोंदी) पाहून, पातळी तीच असेल तरच रेषा जोडायच्या. दुसरा बिघाड नेमका याच्या उलट: साकव किंवा गल्ली रस्त्याला टेकलेली दिसते, पण दोन रेषांमध्ये अर्ध्या मीटरची फट असते आणि अख्खी वस्ती बेट होऊन बसते. जाळं तयार झाल्यावर त्याचे सुटे तुकडे मोजणारी चाचणी चालवावी. एका मोठ्या तुकड्याखेरीज जे उरतात ते एकेक करून पाहावेत. तिसरा बिघाड घोडबंदर पट्ट्यातल्या मोठ्या संकुलांचा. आतले रस्ते नकाशावर सुरेख काढलेले असतात, पण गेटवर पहारेकरी आहे. त्यांना ‘खासगी’ हा टॅग नसेल तर संगणक मागच्या वस्तीतल्या मुलांना संकुलातून, लॉन ओलांडून शाळेत पाठवतो. असे रस्ते हाताने खासगी करावे लागतात. काही वेळा अंतर दुप्पट होतं, आणि खरं अंतर तेच असतं.

वस्त्यांमधल्या गल्ल्या मात्र नकाशावर मुळातच नसतात. लोकमान्य नगर किंवा कळव्यात पारसिकच्या उतारावरचं वाघोबा नगर, भास्कर नगर घ्या. वरून पाहिलं तर नुसते पत्रे आणि निळी ताडपत्री. गल्ली इतकी अरुंद की छपरांच्या खाली लपते. इथे उपग्रहचित्रावरून रेषा काढत बसण्यात अर्थ नाही, चालावंच लागतं. ए-३ कागदावर वस्तीचं चित्र मोठं छापून नेणं आणि मोबाइलवर क्यूफील्ड या ॲपमध्ये माग नोंदवत जाणं, दोन्ही बरोबर ठेवावं. अरुंद गल्लीत जीपीएस १०-१५ मीटर इकडेतिकडे जातो, म्हणजे सरळ शेजारच्या गल्लीत. कागदावरच्या खुणेवरून तो माग नंतर जागेवर आणता येतो.

डोंगरावरच्या वस्तीत चढ हा वेगळाच प्रश्न. चढाप्रमाणे चालण्याचा वेग ठरवणारं टॉब्लरचं सूत्र सगळे वापरतात. सपाट जमिनीवर ते ताशी ५ किलोमीटर देतं, १० टक्के चढावर साडेतीन. सूत्र ठीक आहे, पण त्याला पुरवायची उंची कुठून आणायची? एसआरटीएम या अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीची उंची फेब्रुवारी २००० मधली, ३० मीटरच्या चौकटीत. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा उंचीचा नमुना त्यानंतरचा, म्हणून जास्त चांगला असेल असं वाटतं. पण तो इमारतींच्या माथ्यांसकट उंची देतो, त्यामुळे घोडबंदरला टॉवर उभे आहेत तिथे टेकड्या दिसतात आणि सपाट सर्व्हिस रोडवर लोक चढ चढायला लागतात. या एका बाबतीत जुना एसआरटीएम बरा, कारण तेव्हा त्यातले बरेच टॉवर उभेच नव्हते. वाघोबा नगरच्या जिन्यांसाठी मात्र दोन्ही निरुपयोगी. तिथे ३० मीटरच्या एका चौकटीत दोन वळणं आणि पन्नास पायऱ्या मावतात. पायऱ्याही सारख्या नाहीत: एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी, कडेने पाण्याच्या नळ्या गेलेल्या, त्यामुळे पाय ठेवायची जागा अर्धीच. अशा जिन्याला आम्ही अंतर लावलं नाहीच. खालून वर आणि वरून खाली चालून घड्याळाने वेळ घेतली आणि ती मिनिटं सरळ त्या रेषेवर लिहिली. हंडा घेतलेल्या बाईची वेळ वेगळी नोंदली. ती मोकळ्या माणसाच्या दीडपट तरी असते.

चालण्याचा वेग ताशी ४.८ किलोमीटर धरला तर मिनिटाला ८० मीटर, पंधरा मिनिटांत १२०० मीटर. ज्येष्ठ, गरोदर बाई, आजारी मूल घेतलेली आई यांना ताशी ३ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला ५० मीटर, पंधरा मिनिटांत ७५०. दवाखान्याच्या नकाशाला दुसरा आकडाच वापरावा. दवाखान्यात धडधाकट माणूस क्वचितच जातो, तरी बहुतेक नकाशे त्याच्याच चालीने केलेले असतात.

आता सेवांची यादी. अधिकृत यादीतला पत्ता बहुधा ‘शाळेच्या मागे, तळमजला’ अशा स्वरूपाचा असतो. तो आपोआप अक्षांश-रेखांशात बदलायला दिला की ठिपका पिनकोडच्या मध्यावर जाऊन बसतो. एकाच जागी पाच-सहा सेवा रचलेल्या दिसल्या तर कारण हेच. प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवून दारात उभं राहून बिंदू घ्यावा, इमारतीच्या मध्यावर नव्हे. मोठ्या आवारात गेट एका रस्त्यावर आणि इमारतीचा मध्य दुसऱ्या रस्त्याला जवळ असतो. संगणक बिंदूला जवळच्या रस्त्याला चिकटवतो, आणि तो रस्ता कधी रुळांपलीकडचा निघतो, कधी उड्डाणपुलावरचा. बिंदू चिकटवताना ५० मीटरपेक्षा जास्त सरकला असेल तर ती ओळ लाल करून हाताने तपासायची, हा नियम फार उपयोगी पडतो.

माहिती भरायला कोबोकलेक्ट या मोबाइल ॲपवर छोटा अर्ज केला. लांब अर्ज कोणी नीट भरत नाही. वीस प्रश्नांच्या पुढे गेलं की शेवटचे पाच सगळीकडे ‘होय’ येतात. दवाखान्यासाठी: पाटीवरची वेळ, केसपेपरची खिडकी बंद होण्याची वेळ, आज डॉक्टर हजर आहेत का, लसीकरणाचा आणि गरोदर मातांच्या तपासणीचा वार, औषधं आतून मिळतात की बाहेरून आणायला सांगतात, दारात किती पायऱ्या. पाटीवरची वेळ आणि खिडकीची वेळ यांत तासभराचा फरक पडतो, आणि रोजंदारीवरच्या माणसाला खिडकीचीच वेळ कामाची. माहिती विचारायची ती आशा सेविकेला. तिला कुठली गल्ली कुठे निघते, कोणता दवाखाना प्रत्यक्षात किती वाजता उघडतो, कुठल्या घरातली बाई कुठे बाळंत झाली हे सगळं पाठ असतं. तिच्यानंतर कोपऱ्यावरचा मेडिकलवाला आणि रिक्षा स्टँड.

शाळांचं गणित वेगळं. यूडायस या सरकारी शाळा-नोंदणीचा ११ आकडी क्रमांक प्रत्येक शाळेला असतो, पण एकाच इमारतीत सकाळच्या सत्रात एक आणि दुपारच्या सत्रात दुसरी शाळा भरते. दोन क्रमांक, जागा एक. दोन ठिपके म्हणून मोजले तर वर्ग दुप्पट दिसतात, एक म्हणून मोजले तर निम्मे. इमारतीचा थर वेगळा आणि शाळेचा वेगळा ठेवावा. माध्यम हा रकाना तर सोडूच नये. मुंब्र्यात उर्दू माध्यमाच्या मुलासाठी दोनशे मीटरवरची मराठी शाळा नकाशावर असून उपयोग नाही. राज्याच्या शिक्षणहक्क नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. हे अंतर माध्यमानुसार वेगळं मोजलं की नकाशाचा रंग पालटतो.

शौचालयांना मिनिटं लावून भागत नाही, सीट मोजाव्या लागतात. स्वच्छ भारतच्या निकषाप्रमाणे सामूहिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक सीट. दहा अधिक दहा सीटचा गट कागदावर ३५० पुरुष आणि २५० स्त्रियांना पुरतो. दार उघडून पाहिलं की स्त्रियांच्या दहापैकी एकीला दार नाही, एक तुंबलेली, एकीत झाडू-बादल्या ठेवून कुलूप. उरल्या सात, म्हणजे १७५ स्त्रिया. शिवाय पाणी किती वाजेपर्यंत, दिवा आहे का, रात्री कुलूप लावतात का, पैसे किती. ही पाहणी दोन वेळा करावी: एकदा सकाळी सहा ते आठच्या गर्दीत, एकदा रात्री दहानंतर. दुपारी केलेल्या पाहणीत सगळं आलबेल दिसतं. रात्रीच्या फेरीला पाहणी पथकात बाई हवीच, नाहीतर स्त्रियांच्या बाजूचे रकाने ऐकीव माहितीने भरले जातात.

रेशनच्या दुकानांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कार्ड आता कुठल्याही दुकानात चालतं, त्यामुळे सर्वांत जवळचं दुकान मोजायला हरकत नाही. फक्त महिन्यातले कोणते दिवस माल असतो ते विचारून घ्यावं.

लोक किती आणि कुठे, हा या सगळ्यातला सर्वांत कच्चा दुवा. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८,४१,४८८ होती. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. मधल्या काळात घोडबंदर आणि दिवा ओळखू येणार नाहीत इतके वाढले, आणि तेव्हाच्या वॉर्डांच्या हद्दी आताच्या प्रभागांशी जुळत नाहीत. वर्ल्डपॉपसारख्या १०० मीटर चौकटीच्या तयार लोकसंख्या-नकाशांत वागळे इस्टेटच्या कारखान्यांच्या शेडमध्ये माणसं राहताना दिसतात आणि चाळीस मजल्यांचा टॉवर बैठ्या घराएवढा मोजला जातो. आम्ही इमारतींचे आराखडे घेतले, त्यातून कारखाने, गोदामं, मॉल, शाळा वगळल्या, मजले मोजले आणि प्रभागाची लोकसंख्या राहत्या चटईक्षेत्राच्या प्रमाणात वाटली. सुरुवातीला वस्तीत माणशी ५-६ चौरस मीटर आणि टॉवरमध्ये २० च्या आसपास धरायचं, मग पडताळणी करून बदलायचं. वस्तीतले आराखडे उपग्रहचित्रावरून यंत्राने काढलेले असले तर शंभर घरं एकच मोठं छप्पर म्हणून येतात. क्षेत्रफळ साधारण बरोबर असतं, घरांची संख्या सपशेल चूक. त्यामुळे घरं मोजून माणसं काढू नयेत.

पडताळणीला मतदार यादी कामी येते. यादीच्या एका भागात साधारण हजार-बाराशे मतदार आणि भागाच्या पहिल्या पानावर इमारतींची, गल्ल्यांची नावं. १८ वर्षांखालच्यांची भर घातली की त्या तुकड्याचा अंदाज येतो. नावं किंवा इतर काही उतरवायचं नाही, फक्त भागवार बेरीज. खबरदारी एवढीच की पुनर्विकासात बाहेर गेलेल्यांची नावं जुन्या पत्त्यावर वर्षानुवर्षं राहतात, आणि नव्या टॉवरमधले भाडेकरू यादीत नसतातच.

हिशोबासाठी शहर सारख्या षटकोनांत वाटायचं तर एच-थ्री या तयार षटकोनी जाळीची नववी पातळी बहुतेक जण घेतात. एक षटकोन साधारण साडेदहा हेक्टरचा. रुळांशेजारी हा षटकोन दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतो आणि त्याचा मध्य चक्क रुळांवर पडतो. दहावी पातळी, सुमारे दीड हेक्टरची, घ्यावी. हिशोबाला वेळ लागतो, लागू दे. आणि निघायचा बिंदू षटकोनाच्या मध्यावर न ठेवता त्यातल्या लोकवस्तीच्या मध्यावर ठेवावा, संकुल असेल तर गेटवर.

इथवर आलं की ‘पंधरा मिनिटांत दवाखाना’ हा नकाशा तयार होतो. पण दवाखाना गाठला म्हणजे तपासणी झाली असं नाही, रांग आहे. रांग मोजायला ‘टू-स्टेप फ्लोटिंग कॅचमेंट’ ही पद्धत वापरतात. लुओ आणि वांग यांनी २००३ मध्ये मांडलेली, आणि कागदावरही करता येईल इतकी साधी. समजा, एका दवाखान्यात दोन डॉक्टर आहेत आणि त्याच्या पंधरा मिनिटांच्या पट्ट्यात ४०,००० लोक राहतात. लाखाला ५ डॉक्टर झाले. दुसऱ्यात एक डॉक्टर आणि पट्ट्यात ५०,००० लोक, लाखाला २. ज्या घरातून दोन्ही दवाखाने आवाक्यात आहेत त्याला ५ अधिक २, म्हणजे ७. ज्याला दुसराच गाठता येतो त्याला २. दोघंही ‘पंधरा मिनिटांच्या आत’ या एकाच हिरव्या रंगात होते. यात मंजूर पदं धरायची नाहीत, भरलेली धरायची, आणि आठवड्यातून तीन दिवस येणारा डॉक्टर अर्धा.

सरकारी निकष याच्याशी ताडून पाहिले की त्यांची मर्यादा दिसते. नागरी आरोग्य अभियान ५०,००० लोकांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र सांगतं. केंद्राची २०१५ ची शहरनियोजनाची यूआरडीपीएफआय मार्गदर्शक तत्त्वं १५,००० मागे एक दवाखाना आणि ५,००० मागे एक प्राथमिक शाळा धरतात. हे सगळे माणसांमागचे आकडे. प्रभागाची बेरीज जुळली की निकष पूर्ण झाला, मग सगळे दवाखाने रुळांच्या एकाच बाजूला का असेनात. आमच्या मते प्रभागाची सरासरी अशा अहवालात छापूच नये. त्याऐवजी ‘इतक्या लोकांना पंधरा मिनिटांत काहीच नाही’ हा एक आकडा आणि ते लोक नेमके कुठल्या गल्ल्यांत आहेत हे द्यावं.

अग्निशमनाचा हिशोब गाडीच्या चाकांनी करायचा. गाडीला साडेतीन-चार मीटर रुंदी लागते, वळणावर जास्त, आणि वाहनं दुतर्फा उभी असतात त्या रस्त्याची उरलेली रुंदी रात्री मोजायची, कारण सगळी वाहनं तेव्हाच घरी असतात. गाडी थांबते तिथून पुढे होज, म्हणजे पाण्याचा पाइप. एक होज १५ किंवा ३० मीटरची, एकीला एक जोडत नेतात. गाडीच्या शेवटच्या जागेपासून गल्लीच्या वळणांनी अंतर मोजलं की वस्तीचा कुठला कोपरा होजच्याही पलीकडे राहतो ते समजतं.

वेळेनुसार नकाशे वेगळे काढले नाहीत तर काम अर्धवट राहतं. दिव्याचं उदाहरण घ्या. दिवसा दिव्याहून कळवा म्हणजे लोकलने मुंब्रा आणि मग कळवा, पुढे रिक्षा. शेवटची लोकल गेली की पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत तोच प्रवास रस्त्याने: दिवा-शीळ रस्त्याने शिळफाट्याकडे, तिथून मुंब्र्याच्या बाजूने कळव्याला, आणि तेही रिक्षावाला तयार झाला तर. शेअर रिक्षाचं वेळापत्रक नसतं, भरली की सुटते. तिची वाट पाहण्याची वेळ स्टँडवर उभं राहूनच घ्यावी लागते. दुपारी भरायला जास्त वेळ लागतो, संध्याकाळी स्थानकाबाहेर मिनिटभरात भरते. बससाठी दोन बसांमधल्या अंतराच्या निम्मी वेळ थांबण्याची धरतात, पण दर अर्ध्या तासाला येणाऱ्या बसला लोक वेळ बघून निघतात, तिथे हा नियम लावू नये.

पावसाळ्याचा नकाशा ओलांडण्याच्या वहीतूनच निघतो. पाणी भरणारे भुयारी मार्ग आणि साकव बंद करून पुन्हा हिशोब चालवायचा, भरतीच्या वेळेचा एक आणि ओहोटीचा एक. वंदना सिनेमाजवळ पाणी साचलं की चालणारे आणि बस दोघंही वळसा घालतात, हे ठाण्यात कोणाला सांगायला नको. नकाशात मात्र ते घालावं लागतं. मेट्रोच्या कामाचे पत्रे घोडबंदरवर जिथे असतात तिथलं ओलांडणं बंद, आणि पत्रे सरकतात, म्हणून त्या ओळींना तारीख घातली.

ही वही शेवटी सगळ्यात जास्त कामाची ठरते, कारण तिच्यावर ‘असं झालं तर’ चालवून पाहता येतं. नवा दवाखाना कुठे काढावा हे शोधताना महापालिकेच्या ताब्यातल्या जागा, शाळांचे रिकामे तळमजले, बिल्डरांकडून मिळालेल्या सुविधा जागा असे उमेदवार बिंदू घेतात आणि प्रत्येकाने किती नवे लोक पंधरा मिनिटांत येतात ते पाहतात. त्याच यादीत काही पूल, काही जिने, संकुलाच्या भिंतीतलं एखादं पादचारी दारही उमेदवार म्हणून घालावं. रुळांच्या किंवा महामार्गाच्या काठावर अनेकदा असं दिसतं की नव्या दवाखान्यापेक्षा लिफ्टसह एक पूल जास्त लोकांना आत आणतो. तोच पूल शाळेला, बाजाराला आणि रेशनलाही चालतो, आणि त्याला डॉक्टरचं पद भरावं लागत नाही. आरोग्य विभागाच्या बैठकीत पूल सुचवला की सगळे एकमेकांकडे बघतात, कारण पूल त्यांच्या खात्यात येत नाही. म्हणून हा नकाशा एका खात्याचा म्हणून सादर करू नये.

विकास आराखड्यात हे न्यायचं असेल तर कायद्याची भाषा लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. तीस दिवसांत सगळं नव्याने मोजणं होत नाही, माहिती आधी तयार हवी. आराखड्यातलं आरक्षण म्हणजे सेवा नव्हे, हे पक्कं धरावं. दवाखान्यासाठी रंगवलेला भूखंड दहा वर्षांत ताब्यात आला नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होतं. त्यामुळे नकाशात तीन रंग ठेवले: चालू सेवा, बांधलेली पण बंद, आणि नुसतं आरक्षण. हिशोबात फक्त पहिला रंग.

हरकत लिहिताना एका अर्जात एकच मागणी ठेवावी. आरक्षण क्रमांक, गाव, सर्व्हे क्रमांक, आराखड्याचा शीट क्रमांक, मग एका वाक्यात मागणी, आणि खाली लोकसंख्या व मिनिटांचा तक्ता. सोबत ए-३ नकाशा, ज्यात ओलांडण्याच्या जागा त्यांच्या क्रमांकासह दिसतील. मोठा अहवाल जोडला तर सुनावणीला तो कोणी उघडत नाही. दोन पानं आणि एक नकाशा टेबलावर पसरता येतो. प्रत ठेवावी, आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा, आणि सुनावणीला वहीची मूळ फाइल लॅपटॉपवर उघडी न्यावी. ‘हा पूल तर आहे की’ असं कोणी म्हणालं की त्या ओळीतला तिकिटाचा रकाना दाखवता येतो.